पेपर संपेपर्यंत

घरात दहावीचं पोर असलं की सगळं घर दबक्या पावलांनी चालायला लागतं. टीव्हीवर चादर पडते. पाहुण्यांना फोनवरच सांगितलं जातं, आता नको, एप्रिलात या. भावकीत लग्न निघालं तर आईबाप आळीपाळीने जाऊन जेवून येतात आणि पोराच्या वाट्याची जिलेबी डब्यातून घरी येते. वाचकहो, तुमच्या-आमच्या घरी हे झालेलं आहे आणि त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. उलट चारचौघांत आपण ऐटीत सांगतो, "यंदा आमच्याकडं दहावी आहे." जणू परीक्षेला अख्खं घरच बसणार आहे!

अंथुर्ण्याच्या रविंद्रच्या घरीही यंदा दहावी होती. रविंद्र इंदापूरला एका सरकारी कचेरीत कारकून. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं वाचून तुम्हाला त्याचा राग येईल. त्याची एकुलती एक मुलगी तेजश्री, घरातली पिंकी. नववीपासून ती शिकायला बारामतीला आत्याकडे राहत होती. आत्या म्हणजे रविंद्रची थोरली बहीण विजयमाला, शाळेत शिक्षिका.

आणि पिंकीचे आजोबा अप्पा. वालचंदनगरला कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म गेला. स्वतःची शाळा सातवीत सुटली, ती सल त्यांच्या मनातून कधी गेली नाही. म्हणून असेल, पण त्यांचा आणि नातीचा एक रिवाज होता. पेपर झाला की पिंकी संध्याकाळी त्यांना फोन लावायची आणि अख्खी प्रश्नपत्रिका वाचून दाखवायची. पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत, कुठला किती गुणांना ते सुद्धा. अप्पांना त्यातलं बीजगणित कळायचं नाही आणि इंग्रजी तर नाहीच नाही. तरी ते "व्हय... फुडं?" म्हणत सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "ह्यातला तुला आवडला कुठला प्रश्न?"

बाकीची दुनिया काय विचारते हे तुम्हाला ठाऊक आहे. सोपा गेला का? किती पडतील?

यंदाही मराठीचा पेपर अप्पांनी ऐकला, इंग्रजीचा ऐकला. बीजगणिताच्या आदल्या दिवशी मात्र त्यांच्या छातीत कळ आली. रविंद्रने आणि त्याच्या बायकोने, रतनने, गाडी करून त्यांना बारामतीला एका दवाखान्यात आणलं. विजयमाला धावत आली. अप्पांना आत घेतल्यावर ती बाहेर आली ती पदराला डोळे पुसतच.

"पिंकीला घिऊन येते," ती म्हणाली.

"डोकं फिरलंय का अक्का तुझं? उद्या बीजगणित हाय तिचं!"

"अप्पा तिलाच विचारतायत. रिक्षानं आणते, घटकाभर बसंल आणि परत नेते. लांब हाय का कुठं?"

"नळ्याबिळ्या बघून घाबरंल पोरगी. पेपर कोरा ठिवून येईल. वर्ष जाईल तिचं!"

"पेपर राहिला तर जुलैत परत देता येतो रे रवी. बोर्डानं तेवढी सोय ठेवलीय. अप्पांची अशी सोय कुणी ठेवलीय का?"

"तू उगं अभद्र बोलू नगंस. अप्पांना कायबी हुत न्हाय. दोन-चार दिसांत घरी जातील, मग भेटंल की ती निवांत."

विजयमालाने रतनकडे पाहिलं. रतन खाली बघत होती. आणि विजयमाला गप्प बसली. शाळेत पन्नास पोरांपुढे ठासून बोलणारी ही बाई धाकट्या भावापुढे गप्प बसली, आणि ते तिला पुढे कधी विसरता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बीजगणिताचा पेपर झाला. संध्याकाळी पिंकीचा फोन आला तेव्हा रविंद्र दवाखान्याच्या जिन्यात उभा होता.

"अप्पांना द्या की, पप्पा. पेपर वाचायचाय."

"अप्पांचा घसा बसलाय गं. बोलता येत न्हाय त्यांना. तू भूमितीचं बघ आता."

आत अप्पा दाराकडे बघत पडले होते. भूमितीच्या आदल्या दिवशी सकाळी ते गेले.

रविंद्र बापाच्या उशाशी बसून लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसले आणि सगळ्यांना बजावलं, "पेपर संपेपर्यंत पिंकीला कुणी कायबी सांगायचं न्हाय." कुणी मोबाईलवर फोटो टाकायचा नाही, चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा नाही. गावाने ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, तर कौतुकही केलं. "काळजावर दगड ठिवला बघा रविंद्रनं लेकीसाठी," असं माती देऊन परतताना माणसं म्हणत होती. त्या गर्दीत एकालाही वाटलं नाही की ज्या पोरीसाठी म्हातारा जीव टाकत होता ती इथं असायला हवी होती!

विजयमाला 'शाळेत मीटिंग आहे' असं पिंकीला सांगून अंथुर्ण्याला गेली आणि दुपारी परत आली. पोरीला गरम चपाती वाढली. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि स्वतःच्या बापासाठी जेवढं रडायचं तेवढं त्या आवाजात रडून घेतलं.

पुढे रोज संध्याकाळी फोन यायचा.

"पप्पा, अप्पा कसे हायेत?"

"बरं हाय सगळं."

कधी अप्पा झोपलेत, कधी डॉक्टरने बोलू नका सांगितलंय, कधी आज अर्धी भाकरी खाल्ली. रविंद्रला पहिल्या दिवशी ते बोलताना घाम फुटला होता. पण माणसाला कशाचीही सवय होते. भूगोलाच्या पेपरापर्यंत तो इतकं सहज बोलायला लागला की ऐकताना रतनच्या अंगावर काटा यायचा.

शेवटचा पेपर झाला. विजयमाला पिंकीला घेऊन एसटीने अंथुर्ण्याला निघाली. इकडे रविंद्रने सगळं ठरवून ठेवलं होतं. पोरगी आल्या आल्या सांगायचं नाही. आधी जेवू द्यायचं, थोडं निजू द्यायचं, मग संध्याकाळी जवळ बसवून हळूहळू विषय काढायचा. पुण्यानुमोदनाला, म्हणजे अप्पांच्या श्रद्धांजलीच्या दिवशी, भिंतीवर लावलेला अप्पांचा फोटो त्याने सकाळीच उतरवून पत्र्याच्या पेटीत ठेवला. रतनने अंड्याची आमटी केली होती. पोरीला ती फार आवडायची.

पिंकी आली. दप्तर पाठीवरच होतं. पाणी घेतलं नाही की चपला काढल्या नाहीत. उंबऱ्यात उभी राहून तिने भिंतीकडे पाहिलं. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी एक मोकळा खिळा होता.

"खिळा नवा हाय," ती म्हणाली. "फोटो कुठं ठेवलाय?"

रविंद्रने हातातला तांब्या खाली ठेवला. ठरवून ठेवलेलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"तुला... तुला कवा कळलं?"

"विज्ञानाच्या पहिल्या पेपरला. केंद्राच्या फाटकात एका पोरीच्या आईनं, अंथुर्ण्याचं माहेर त्यांचं, माझ्या गालावरनं हात फिरवला. म्हणल्या, धीराची गं पोर, आजोबा गेले तरी पेपर देतीस. मग घंटा झाली. मग मी आत जाऊन पेपर लिहिला."

"आगं मग बोलली का न्हाईस? आत्याला तरी बोलायचं!"

"आत्या नळ सोडून रडत होती. मला ऐकू यायचं."



"मग रोज फोनवर मला का इचारत हुतीस, अप्पा कसे हायेत म्हणून?" रविंद्रने विचारलं.

"तुमी सांगाल म्हणून," पिंकी म्हणाली. "रोज वाटायचं, आज सांगतील. भूगोल झाला तवा वाटलं, आता तरी सांगतील. तुमी म्हणलात, अर्धी भाकरी खाल्ली."

ती रडत नव्हती. ती रडली असती तर बरं झालं असतं! बापाला तिला जवळ घेता आलं असतं, पाठीवरून हात फिरवता आला असता. पण पोरीचं रडून झालेलं होतं. कुठं, कधी, कुणाच्या खांद्यावर, हे आईबापांना माहीत नव्हतं.

"अप्पा घरीच गेले का?" तिने विचारलं.

रतन पुढे आली. "न्हाय बाळा. बारामतीत. दवाखान्यात होते."

"बारामतीत? कुठल्या?"

रतनने सांगितलं. पिंकी क्लासला सायकलवरून रोज त्याच रस्त्याने जायची. त्या दोन दिवसांतही गेली होती.

"मी खालनं गेले," ती स्वतःशीच म्हणाली. मग बापाकडे वळली. "शुद्धीत होते? मला विचारलं त्यांनी?"

वाचकहो, हा क्षण नीट बघा. 'नाही पोरी, शुद्ध नव्हती त्यांना' एवढं एक वाक्य बोललं की सुटका होती. पोरीचं दुःख हलकं झालं असतं आणि बापाचा गुन्हाही. ते वाक्य रविंद्रच्या जिभेवर आलं होतं, कारण इतक्या दिवसांत जीभ तयार झाली होती. त्याने पोरीकडे पाहिलं आणि पहिल्यांदा त्याला स्वतःचीच किळस आली.

"इचारलं," तो म्हणाला. "लई इचारलं. पिंकी आली का, पिंकी आली का. बीजगणिताचा पेपर ऐकायचा राहिलाय म्हणाले. अक्का तुला आणते म्हणत हुती. म्या न्हाय म्हणलं. म्या! तुझा पेपर बिघडंल म्हणून. दाराकडं बघत गेले गं अप्पा!"

आणि तो मोठा माणूस भुईवर बसून हमसाहमशी रडायला लागला.

पिंकीने स्वतः पेटी उघडली, फोटो काढला, ओढणीने पुसून खिळ्याला लावला. दप्तरातून प्रश्नपत्रिका काढल्या आणि फोटोखाली ठेवल्या. बीजगणितापासून भूगोलापर्यंत सगळ्या होत्या.

"मला वाचून दाखव," रविंद्र म्हणाला. "म्या ऐकतो."

तिने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "सोपे गेले सगळे. चांगले पडतील," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

विजयमाला तेव्हा बोलली. जे दवाखान्यात बोलायला हवं होतं ते.

"रवी, आपण तिचे मार्क तेवढे सांभाळले रे. पोरीला टाकली एकटी. तिच्यावर दुःख येऊ नये म्हणून लपवलं म्हणतोस, पण दुःख आलंच की. फाटकात आलं, परक्या बाईच्या तोंडनं आलं, आणि तवा जवळ तू नव्हतास, मी एका घरात असून नव्हते. सोळा वर्षांची हाय ती. अप्पांच्या तोंडात पाणी घालायला पुरेशी मोठी होती. आपल्यालाच तिची भीती वाटली. तिच्या निकालाची."

"माझं चुकलं, अक्का."

"माझंबी. मी गप्प बसले."

निकाल लागला. पिंकीला गुण उत्तम पडले. सकाळपासून फोन वाजत होता आणि रविंद्र प्रत्येकाला नुसतं "हां, हां" म्हणत होता. पेढे आणायचं कुणालाही सुचलं नाही.

पुढच्या वर्षी बारावीच्या परीक्षेत शेजारच्या हिंदुरावांची आई अत्यवस्थ झाली. परीक्षा देणारा नातू बारामतीला वसतिगृहात होता. हिंदुराव मोठ्या विश्वासाने रविंद्रकडे आले. "तुमी कसं निभावलं हो? पोराला कळू द्यायचं न्हाय, काय काय करावं लागंल?"

"आत्ताच्या आत्ता गाडी काढा," रविंद्र म्हणाला. "म्या येतो संगं. पोराला आजीपाशी बसवा. पेपर देतो म्हणला तर देऊ द्या, न्हाय म्हणला तर ऱ्हाऊ द्या. पण त्याला घिऊन या, हिंदुराव. माझ्यासारखं करू नगा!"

पोरगा आला. आजीचा हात त्याच्या हातात होता तेव्हा ती गेली. त्याचा एक पेपर बुडाला, तो त्याने जुलैत दिला.

आईबापांनो, परीक्षेच्या दिवसांत पोरांना दूध द्या, वेळेवर डबा द्या, शांतता द्या. पण घरातल्या दुःखातला त्यांचा वाटाही त्यांना द्या. तो त्यांचा हक्क आहे आणि तो हिरावून घेण्याचा अधिकार कुठल्याही बोर्डाच्या परीक्षेने आपल्याला दिलेला नाही. खोटं बोलून सांभाळलेलं पोर गुण आणतं, पण मग आपल्यापाशी मन उघडत नाही.

पिंकी आता बारावीला आहे, बारामतीलाच. रविंद्र रोज संध्याकाळी स्वतः फोन लावतो. गुणांचं विचारत नाही. आज काय शिकवलं, त्यातलं तुला काय आवडलं, तुला तिथं करमतं का, असं विचारतो. विचारून थांबतो, ती बोलेल म्हणून.

"बरं हाय सगळं," पिंकी म्हणते.

फोन बंद होतो. खरंच बरं आहे का, हे त्याला कळत नाही.