यंत्रातलं पहिलं पीठ

पीठ मळायचं यंत्र आणायचं खूळ माझं. सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या मते बेकरी तीस वर्षं त्यांच्या दोन हातांवर चालली, पुढेही तशीच चालावी. पण दवाखान्याने रोज दोनशे पाव मागितले होते, आणि बाबांचे हात शंभरालाच भरून यायचे. दारात आलेली संधी परत पाठवणं माझ्या स्वभावात नाही. मी महिनाभर डोकं खाल्ल्यावर बाबा म्हणाले, "आण बाई. पण नमुन्याचे पाव नापास झाले, तर यंत्र परत."

नमुना दुपारी एकला द्यायचा होता. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदाच आपली कृती कागदावर लिहून दिली, घराच्या वाटण्या करून दिल्यासारखा चेहरा करून. सकाळी मी काट्यावर मोजून सगळं यंत्रात घातलं. पीठ भसाभस फुगून भांड्याबाहेर आलं. पाव निघाले पांढरेफटक, आणि चवीला निव्वळ कागद.

"यंत्राला काय कळतंय," बाबा म्हणाले. पण जिंकल्याचा आव नव्हता. तेही माझ्यासारखेच मटकन बसले.

आई, म्हणजे सासूबाई, वरच्या खोलीत होत्या. दोनच दिवसांपूर्वी जिन्यावरून घसरल्या होत्या, पाय प्लास्टरमध्ये; तेव्हापासून बेकरी बंदच होती. चहाबरोबर मी त्यांना तोच पाव नेऊन दिला. एक घास खाऊन त्या म्हणाल्या, "मीठ कुणी घातलं?"

मी कागद काढला. मैदा, पाणी, यीस्ट, साखर, तेल. मीठ नव्हतंच.

बाबांना वर बोलावलं. ते कागद उलटापालटा करत राहिले. "मी घालतो की मीठ. घालतो ना?"

"लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात विसरलात," आई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशीही विसरलात. मग तुम्ही पाणी आणायला वळलात की मीच टाकायला लागले. सांगून उगाच कशाला खट्टू करायचं?"

"तीस वर्षं?"

"हे दोन दिवस सोडून."

मी धावत जाऊन काटा आणि मिठाचा डबा वर आणला. आईंनी ओंजळ भरून मीठ काट्यावर ओतलं. दोनशे ग्रॅम. परत ओतायला लावलं, तर दोनशे दोन. माझा काटाच ओशाळला असेल.

दुसरं पीठ मळलं. एकच्या आत पाव दवाखान्यात पोचले. तिथल्या स्वयंपाक्याने एक पाव मोडून खाल्ला, आणखी एक उचलला आणि बाबांना म्हणाला, "हाताला चव आहे हो तुमच्या."

"माझ्या नाही," बाबा म्हणाले. "माणूस घरी आहे, पाय मोडून बसलंय."

सोमवारपासून दोनशे पाव जातात. कृतीचा कागद यंत्रावर चिकटवलाय. त्यात बाबांनी स्वतःच्या हाताने भर घातली आहे: 'मीठ, दोनशे ग्रॅम. घातलं का, ते हिला विचारणे.'

मी या घरात चार वर्षं आहे. मी फार व्यवस्थित आहे, माझं काही विसरत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवत असते. परवा ते ऐकून आई नुसत्या हसल्या. तेव्हापासून मी पाणी आणायला वळले, की मनातल्या मनात त्यांना हात जोडते.