भुरीबाईची शेळी आणि मी बुरांस

मित्रांनो, तुमच्या खानदेशात माझ्या जातीचे दुसरे झुडूप तुम्हाला दिसणार नाही. मी हिमालयातला बुरांस. माझी पाने चामड्यासारखी जाड, बाराही महिने हिरवी. लाल फुले घंटेच्या आकाराची, गुच्छाने येणारी. १९३१ साली एका गोऱ्या साहेबांनी मला कुंडीत घालून रेल्वेने धुळ्याला आणले आणि बंगल्याच्या सावलीत लावले.

माझी मुळे केसासारखी बारीक. ती खोल जात नाहीत, वरच्या कुजलेल्या पाल्यातच पसरतात. तो पाला लळिंगच्या डोंगरातून भुरीबाई डोक्यावर टोपलीत आणायची. मागे तिची शेळी असायची. भुरीबाईची सून बाळंतपणात गेली होती. तान्ही नात त्या शेळीच्याच दुधावर वाढत होती.

मला पहिला गुच्छ आला त्या दिवशी साहेबांकडे पाहुणे जेवायला होते. माझ्या पानांत विष असते, असे साहेब म्हणाले. पाहुणे हसले.

"खोटं वाटतं? मग बघाच." साहेबांनी माझी फांदी मोडली. "मगन, ती शेळी धर."

भुरीबाई धावत आली. "साहेब, तिले ते दिऊ नका! तिना दूधवर मन्ही नात जगी ऱ्हायनी!"

मगन माळ्याने मान खाली घालून शेळी धरली आणि साहेबांनी माझी पाने तिच्या तोंडात कोंबली. थोड्या वेळाने तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. ती दात खाऊ लागली, मग पुढचे पाय मोडून बसली. दिवेलागणीला ती मेली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

बऱ्याच दिवसांनी भुरीबाई आली. टोपलीत वर पाला होता, खाली पांढरी चुनखडी. चुना या झाडाला मारतो, असे साहेबांनीच दोघांना बजावले होते. मगनने टोपलीत पाहिले.

"पोर कशी शे?"

"गयी."

मगनने टोपली घेतली, चुनखडी स्वतःच्या हातांनी माझ्या बुंध्याशी पसरली आणि वर पाणी घातले.

माझी पाने पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. विष माझ्या पानांत होते खरे, पण मी ते कोणाच्या तोंडात कोंबले नव्हते. तरीही भुरीबाईला मी बोल लावत नाही.

काल साहेबांनी मला बुटाने हलवून पाहिले.

"वाळला. उपटून टाका. दुसरा मागवा."

मित्रांनो, तो दुसरा येईल. त्याची फांदी मोडायला जो हात उठेल, तो तुमच्यापैकी कोणीतरी धरा.