आतल्या खोलीतून

बाईची वाचा जाऊन वर्ष होत आलं होतं. आधी हातपाय गेले, मग जीभ. एका हाकेनं अख्खा वर्ग गप्प करणारी शाळेतली बाई. नवराही थट्टेनं तिला ‘बाई’च म्हणायचा. आता उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं. बोटाखाली बटण आणि समोर टॅबलेट. पडद्यावर एकेक अक्षर उजळत जायचं, हवं ते आलं की ती बटण दाबायची. वाक्य पुरं झालं की ते वायफायवरून बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर जायचं आणि स्पीकरमधून ऐकू यायचं.

त्या कॉम्प्युटरवर नवरा इमारतींचे नकाशे काढायचा. मध्येच यंत्र बोलायचं, “अहो, दूध करपतंय. नाकाला कुलूप लावलंय का?” तो हसत स्वयंपाकघरात पळायचा.

मग वायफायचा राउटर बंद पडला. इंटरनेट कंपनीच्या माणसानं नवा बसवला, दोन्हीकडे इंटरनेट चालू असल्याचं दाखवलं आणि गेला. बाईनं वाक्य लिहिलं. बाहेर स्पीकरमधून आवाजच आला नाही.

“राउटर ठणठणीत आहे, साहेब,” कंपनीची मुलगी फोनवर म्हणाली. “तुमच्या कॉम्प्युटरची फायरवॉल, म्हणजे सुरक्षा-भिंत, अडवतेय.”

बोलणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी राउटरकडे बोट दाखवलं. या टोलवाटोलवीत तो इरेला पेटला. तीन-चार दिवस नकाशे बाजूला पडले. फायरवॉल बंद करून पाहिली, तरी काही नाही. घाबरून पुन्हा चालू केली. पासवर्ड बदलला, तो विसरला, राउटर बंद करून पुन्हा चालू केला. फोन कानाला चिकटलेलाच.

एकदा तो आत डोकावला. टॅबलेटवर लिहिलेलं होतं, ‘राहू द्या ते. इथे बसा.’

“झालंच, बाई,” तो म्हणाला. “एवढं मार्गी लावतो आणि येतो.”

बसला असता तर पडद्यावरचं सगळं वाचता आलं असतं. पण त्याला तिचा आवाज परत आणायचा होता. तिच्या आजारापुढे त्याचं काही चाललं नव्हतं. निदान इथे तरी चालायला हवं होतं.

शेवटी त्यानं बाईच्या धाकट्या भावाला फोन लावला.

“भावजी, कॉम्प्युटरला हे नेटवर्क परक्याचं वाटतंय,” मेव्हणा म्हणाला. “घरचं आहे म्हणून सांगा त्याला. आणि फायरवॉलमध्ये त्या बोलणाऱ्या प्रोग्रॅमला परवानगी द्या.”

“दिली. तरी मुकंच.”

“मग टॅबलेट कुठल्या नेटवर्कवर आहे बघा.”

तो आत गेला, टॅबलेट उचलून बाहेर आणला. नेटवर्कच्या नावापुढे ‘गेस्ट’ लिहिलेलं होतं.

“तरीच!” मेव्हणा ओरडला. “कंपनीवाल्यानं पाहुण्यांच्या नेटवर्कवर टाकलाय. तिथून इंटरनेट मिळतं, पण राउटर घरातल्या कॉम्प्युटरशी बोलू देत नाही.”

त्यानं टॅबलेट घरच्या नेटवर्कवर घेतला, ‘अहो’ असं लिहून पाहिलं. “अहो,” स्पीकर म्हणाला. तो धावतच आत गेला, टॅबलेट जागेवर ठेवला, बटण तिच्या बोटाखाली सरकवलं.

“बोला बाई! आता हव्या तेवढ्या शिव्या घाला.”

अक्षरं उजळत गेली, विझत गेली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. त्यानं बटण सारखं केलं, बोट उचलून नीट ठेवलं. बोट तसंच पडून राहिलं.

बाईचं अंग पुसायला रोज येणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या.

“कालपासून हलत नाहीये ते, दादा,” त्या हळूच म्हणाल्या. “सांगायला आले होते मी. तुम्ही हातानंच थांबा म्हणालात. फोन चालू होता ना.”

तो पलंगाच्या कडेला बसला. त्या बोटावर हात ठेवला. ते गार होतं. बाई त्याच्याकडे बघत होती.

“रागावलीस?” त्यानं विचारलं. “हो असेल तर एकदा डोळे मीट. नसेल तर दोनदा.”

तिनं डोळे मिटले. तो वाट बघत राहिला. तिनं ते उघडलेच नाहीत. मिटल्या पापण्यांखालून उशीवर पाणी ओघळत राहिलं आणि बाहेर मेव्हण्याचा फोन वाजत राहिला.