ज्याचा त्याचा आकडा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. आधी खुर्च्या संपल्या, मग जाजम संपलं, मग लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले. निम्मी गर्दी कारकुनी भरतीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींची, उरलेली त्यांच्या आईबापांची. व्यासपीठावर आकडेबुवा फळ्याकडे पाठ करून, डोळे मिटून बसले होते.

"कोणीही या, कोणतेही दोन आकडे लिहा," बुवा म्हणाले. "तुमच्या मनातले. माझा काही संबंध नाही."

एक मुलगी उठली. तिने चार लिहिले, त्याखाली सात.

"आता दोघांची बेरीज तिसऱ्या ओळीत. मग दुसऱ्याची आणि तिसऱ्याची बेरीज चौथ्या ओळीत. अशी दहापर्यंत मालिका चालव. आणि मंडळी, प्रत्येक आकडा सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचा. उच्चार झाल्याशिवाय आकडा जागा होत नाही!"

"अकरा!" सभागृह ओरडलं. "अठरा! एकोणतीस! सत्तेचाळीस! शहात्तर! एकशे तेवीस! एकशे नव्याण्णव!" दहावा आकडा लिहायला मुलीने खडू टेकवला, तोच बुवांनी हात वर केला.

"थांब पोरी. दहाही आकड्यांची बेरीज आठशे छत्तीस."

चारपाच जणांनी मोबाइलवर बेरीज केली. आठशे छत्तीस! एक गृहस्थ तर खुर्चीवर उभे राहून आपला मोबाइल मागच्यांना दाखवायला लागले, जणू बेरीज त्यांनीच केली होती.

"मालिका म्हणजे आकड्यांची माळ," बुवांनी आता डोळे उघडले. "माळेला गाठ असते. ही गाठ डोक्याने सुटत नाही, मुलांनो. डोकं शिणतं, गाठ घट्ट होते. गाठ कृपेने सुटते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत बसलेल्या गणिताच्या बाईंनी एकतीस वर्षं असल्या गाठी डोक्याने सोडवल्या होत्या, हजारो मुलींना सोडवायला शिकवल्या होत्या. त्यांच्या वर्गात एकदाही टाळी पडली नव्हती.

बाई निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. आज त्या आल्या होत्या भाचीमुळे. धाकटी बहीण गेल्यापासून तिची ही मुलगी त्यांच्याकडेच होती. या भरतीची परीक्षा तिने दोनदा दिली होती. पहिल्या वेळी एका गुणाने गेली, दुसऱ्या वेळी अर्ध्याने. आता वयाची अट संपत आली होती. ही तिसरी खेप, आणि शेवटची.

कार्यक्रमानंतर खरं काम आतल्या खोलीत होतं. मुलांनी एकेक करून आत जायचं. बुवा एक सिद्ध पेन द्यायचे आणि तळहातावर बोटाने एक आकडा काढायचे. एक, दोन, तीन किंवा चार. परीक्षेत मालिकेचे दहा प्रश्न असतात, प्रत्येकाला चार पर्याय. ते प्रश्न सोडवायचेच नाहीत. दहाही ठिकाणी आपल्या आकड्याचा गोल काळा करायचा. पेनाची किंमत बुवा स्वतः सांगत नसत, दारातला माणूस सांगत असे. आणि बाहेर पडताना तोच माणूस बजावायचा, "आकडा कोणाला सांगायचा नाही. आईला नाही, बापाला नाही. सांगितलात की आकडा आंधळा झाला म्हणून समजा."

भाची रांगेत उभी होती. बाईंनी तिचा हात धरला.

"चल घरी. हा शुद्ध बनाव आहे. मी तुला दहा मिनिटांत दाखवते."

"मावशी, लोक बघतायत गं," भाची कुजबुजली आणि रांगेत दोन पावलं पुढे सरकली.

घरी आल्यावर बाईंनी पाटी काढली. लोक एकेक आकडा का ओरडतात, हे त्यांना सभागृहातच खटकलं होतं. पाठ करून बसलेल्या माणसाला ऐकू यायला नको का?

"सातवा आकडा लक्षात ठेवायचा. त्याला अकराने गुणायचं. संपलं! शहात्तर अकरे आठशे छत्तीस. दोन आकडे कोणतेही घे. सातव्या ओळीत पहिला आकडा पाच वेळा येतो आणि दुसरा आठ वेळा. सगळ्या बेरजेत पहिला पंचावन्न वेळा, दुसरा अठ्ठ्याऐंशी वेळा. म्हणजे बरोबर अकरा पट. बुवांना सातव्या ओळीलाच उत्तर मिळालेलं असतं, पुढे नुसतं नाटक."

भाची हुशार होती. तिने नऊ आणि पाच घेऊन स्वतः करून पाहिलं. सातवी ओळ पंच्याऐंशी, बेरीज नऊशे पस्तीस. ती हसलीसुद्धा.

"बेरजेचं पटलं गं. पण गेल्या वर्षी बुवांचं पेन घेतलेले सात जण लागले, त्याचं काय? ते कसं झालं?"

खोटं बोलायची बाईंना सवय नव्हती.

"ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

या एका वाक्याने सगळा खेळ हातातून गेला. बुवांना सगळं माहीत होतं आणि बाईंना एक गोष्ट माहीत नव्हती.

तरी बाईंनी हाय खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी त्या सार्वजनिक अभ्यासिकेत गेल्या. लांब टेबलं, डुगडुगणारे पंखे, भिंतीला एक फळा, आणि पुस्तकांत मान घालून बसलेली पन्नासेक मुलं. काही आयाही डबे घेऊन आल्या होत्या. बाई फळ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लिहा कोणतेही दोन आकडे."

इथे बाईंचं चुकलं. शिक्षकी खोडच ती: आधी प्रयोग, मग स्पष्टीकरण. दहावी ओळ यायच्या आधी त्यांनी बेरीज सांगितली आणि अभ्यासिकेत गलका झाला. स्पष्टीकरणाला कोण थांबतंय! एक आई डबा टाकून पुढे आली आणि तिने आपल्या मुलाची मान धरून थेट बाईंच्या पायांवर वाकवली.

"बाई, तुम्हालाही सिद्धी आहे हे आधी बोलला नाहीत! याला आकडा द्या ना. बुवांचा आणि तुमचा, दोन्ही असलेले बरे."

"अहो, सिद्धी कसली? गुणाकार आहे हा! अकराचा पाढा!"

"मोठी माणसं असंच म्हणतात," ती आई बाकीच्यांना म्हणाली.

बाईंनी कपाळावर हात मारला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बाईंनीसुद्धा बुवांची विद्या खरी असल्याचं करून दाखवलं. सांगायला गेल्या एक आणि झालं भलतंच.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी शेवटचा प्रयत्न केला. भाची स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते पेन रुमालाने पुसत होती.

"अगं, तुला मालिका येतात. दहातल्या आठ-नऊ सहज सुटतात तुझ्या. जरा विचार कर."

"विचार कर, विचार कर!" भाचीचा आवाज फुटला. "तीन वर्षं तेच करतेय ना! सोडवून दोनदा नापास झाले, मावशी. तू म्हणालीस तसंच केलं आणि नापास झाले. मला विचार करायचा कंटाळा आलाय. एकदा, एकदाच दुसऱ्या कोणावर तरी टाकू दे ना."

बाईंना रडू आलं. एकतीस वर्षांत त्यांच्यापुढे इतका प्रामाणिक युक्तिवाद कोणी केला नव्हता, आणि त्याला उत्तर देण्याची पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती. त्यांनी पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि त्या ताटं वाढायला उठल्या. सकाळी भाची निघाली तेव्हा त्या दारात नुसत्या उभ्या राहिल्या.

निकाल लागला. भाची दोन गुणांनी गेली.

तिसऱ्या दिवशी भाचीने प्रश्नपत्रिका टेबलावर पसरली आणि मालिकेचे दहा प्रश्न सोडवायला घेतले. बाई ओट्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. "दोन, सहा, बारा, वीस, तीस... फरक चार, सहा, आठ, दहा. पुढे बारा. बेचाळीस." अकरा मिनिटं लागली. मग तिने छापून आलेल्या उत्तरांशी ताडून पाहिलं. दहापैकी नऊ बरोबर.

"मावशी," ती म्हणाली, आणि तिने प्रश्नपत्रिका त्यांच्यापुढे सरकवली.

बाईंनी उत्तरांचा कागद ओढून घेतला. "परीक्षेत काय भरलं होतंस?"

"सांगायचं नसतं."

"आता काय आंधळं व्हायचं राहिलंय, बाळ?"

"तीन," भाची म्हणाली. "दहाही ठिकाणी तीन."

दहा उत्तरांत तिसरा पर्याय बरोबर होता फक्त एकदा. एक गुण मिळाला. नऊ चुकांचे पाव-पाव गुण कापले गेले. मालिकांनी तिला काही दिलं नाही, उलट सव्वा गुण घेतला. मग बाईंचं बोट पहिल्या, दुसऱ्या पर्यायांवरून खाली सरकलं आणि चौथ्यावर थांबलं. चौथा पर्याय पाच वेळा बरोबर होता.

"तुझ्या पुढे रांगेत कोण होतं गं? त्याला कोणता आकडा मिळाला?"

"मला काय माहीत? कोणी सांगतच नाही ना!"

बाई मटकन खुर्चीवर बसल्या. कोणी सांगत नाही, हीच तर सगळी मेख होती. आणि ती त्यांना आज कळली होती, परीक्षा होऊन गेल्यावर.

त्याच दिवशी सभागृहावर फलक लागला: बुवांच्या कृपेने नऊ जणांची निवड! अभ्यासिकेत मुलं पुन्हा पुस्तकांत मान घालून बसली होती, पुढच्या भरतीसाठी. निवड झालेले नऊही जण निरोप घ्यायला आले होते. बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. या खेपेला प्रयोग नाही, काही नाही.

"मुलांनो, हात जोडते. ज्याला जो आकडा मिळाला तो मोठ्याने सांगा."

कोणी मान वर केली नाही. एक जण पुटपुटला, "पुढच्या वेळेला लागायचंय आम्हाला, बाई." नापास झालेल्यांना वाटत होतं, आपल्याच श्रद्धेत खोट राहिली. ती खोट चारचौघांत कोण दाखवणार? बाई तशाच उभ्या राहिल्या.

तेव्हा भाची उठली. तिने बाईंच्या हातातला खडू घेतला, फळ्यावर एक, दोन, तीन, चार असे चार रकाने आखले आणि तिसऱ्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

"माझा तीन होता," ती म्हणाली. "मी नापास झाले. मला आता पुढची वेळ नाही, म्हणून मला सांगायला भीती नाही. तुमचा?"

मग एक मुलगा उठला आणि त्याने दुसऱ्या रकान्यात नाव लिहिलं. मग एक मुलगी, पहिल्यात. मग खुर्च्या सरकायला लागल्या. अर्ध्या तासात फळा भरला. पहिल्या रकान्यात अकरा, दुसऱ्यात तेरा, तिसऱ्यात बारा, चौथ्यात बारा. निवड झालेल्या नऊ जणांपैकी सहा जण चौथ्या रकान्यात होते. उरलेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"खरं सांगू का," त्यातला एक मान खाली घालून म्हणाला, "मी प्रश्न सोडवले होते. ऐन वेळी धीर झाला नाही." बाकीच्या दोघांनीही माना हलवल्या. कोणीतरी हसलं, पण ते हसू फार टिकलं नाही.

बाईंनी सांगायला सुरुवात केली. "चार पर्याय, चार आकडे, सगळे सारखे वाटलेले. कोणता तरी एक आकडा जास्त वेळा बरोबर येतो. त्या रकान्यातले काही पास होतात, बुवांचे पाय धरतात आणि फलकावर त्यांचीच नावं लागतात. बाकी तीन रकान्यांतले नापास होतात आणि शरमेने घरी बसतात. बुवांना एकही मालिका सुटावी लागत नाही. फक्त तुम्ही एकमेकांशी बोलता कामा नये."

"बाई, पण माझा तर खरा निघाला ना?" चौथ्या रकान्यातला एक जण म्हणाला. बाईंकडे त्याला द्यायला उत्तर होतं, फळाभर उत्तर होतं, पण तो फळ्याकडे बघतच नव्हता.

पुढच्या रविवारी सभागृह परत भरलं. दोन रांगा तेवढ्या रिकाम्या होत्या. सातवा आकडा गरजला, बेरीज आली, टाळ्या पडल्या. बाई आणि भाची आत गेल्या नाहीत, फाटकाशी थांबल्या. वयाची अट कोणासाठी पुढे सरकणार नव्हती. गेलेले दोन गुण बाईंना कुठूनही आणून देता येणार नव्हते. एवढं मात्र करता येत होतं: बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला भाची एकच गोष्ट विचारत होती.

"तुझा आकडा कोणता?"

बहुतेक जण मूठ आवळून बाजूने निघून जात. एक मुलगी थबकली. तिने मागे दारातल्या माणसाकडे पाहिलं, मग भाचीकडे.

"दोन," ती हळूच म्हणाली. तिच्या मागचा मुलगा चमकला. "दोन? मला तर चार दिलाय!"

"मग उभे राहा इथे," भाची म्हणाली, "आणि तिसऱ्याला विचारा."

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही कानात कधीतरी कोणी काही सांगेल आणि वर म्हणेल, हे कोणाजवळ बोलू नकोस. तेव्हा फार मोठी विद्या लागत नाही. शेजारच्याला विचारा, तुला काय सांगितलं? आणि कृपा करून परीक्षेच्या आधी विचारा.