शून्य मिळालं

बुधवारी सकाळपासून केतकीच्या घरातली दारं आधी अट तपासू लागली आणि मगच उघडू लागली.

तिला त्याचं नवल वाटलं नाही. बारा वर्षं ती सॉफ्टवेअरमध्ये अशाच अटी लिहीत आली होती. नवख्यांना ती दटावायची, "नुसतं 'चूक झाली' असं लिहू नका. काय हवं होतं आणि काय मिळालं, दोन्ही सांगा." दारांनी ते मनावर घेतलेलं दिसत होतं.

नवल दुसरंच होतं. स्वयंपाकघरात कुणीतरी आलं ठेचत होतं, आणि तो ठेका श्रीरंगचा होता. तिच्या नवऱ्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याला एकदा डोळे भरून बघायचं, एवढंच तिला हवं होतं.

झोपायच्या खोलीच्या दारावर अक्षरं उमटली: "हवेत: कोरडे डोळे. मिळाले: ओले." तिने ओढणीने डोळे पुसले. दार उघडलं. ती बाहेर पडताच खोली मागे मिटून गेली.

पॅसेज चांगला दोन घरांइतका लांबला होता. मधल्या दारावर लिहिलं होतं: "हव्यात: स्वतःच्या सपाता. मिळाल्या: त्याच्या." दीड वर्ष ती त्याच घालून घरभर फिरत होती. अगदी जिवावर आलं, पण काढल्या. दाराने त्या ठेवून घेतल्या, आणि मागची भिंत तिच्याबरोबर चालू लागली.

मग स्वयंपाकघराचं दार आलं. "आत हवं: एक माणूस. मिळालं: शून्य."

"श्रीरंग, आहेस ना रे आत?"

"मी नाही तर कोण? ये लवकर, चहा निवतोय."

"दार म्हणतंय, आत कुणी नाही."

ठेचणं थांबलं. "इकडून म्हणतंय, बाहेर कुणी नाही."

अट आड येते म्हणून पुसून टाकणारा कुणी ऑफिसात सापडला असता, तर केतकीने त्याची बिनपाण्याने केली असती. अट उगाच अडवत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण त्याच्या आवाजाने तिचा जीव नुसता तुटत होता. तिने अंगठा जिभेला लावला.

"मी इकडचं पुसते, तू तिकडचं पूस."

"मग काय होईल गं?"

"काय चुकलं, ते सांगायला दारावर काही उरणार नाही."

भिंत तिच्या पाठीला टेकली. शून्य पुसलं गेलं. पलीकडे त्याचा अंगठा लाकडावर घासत होता. मग तोही थांबला, आणि आतून कडी सरकली.