फुगलेल्या जावयापर्यंत वाचा

पाच वाजायला पंचवीस मिनिटं होती आणि दाराशी आईची पिशवी भरून तयार होती. ती आईनंच, पलंगावर पडल्या पडल्या, शेजारणीकडून भरून घेतली होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला उठवाबसवायला माणूस लागायचं, आणि लेक तर दिवसभर डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळणार. "मी जाते त्या आजाऱ्यांच्या सेवाकेंद्रात राहायला," आई म्हणाली होती. "नाहीतर तुझी नोकरी जायची आणि दोघी मिळून छत बघत बसू."

लेकीनं मोठ्या साहेबांच्या नाकदुऱ्या काढून एक सवलत मिळवली होती. दवाखान्यातला नवा बॅकअप सर्व्हर, म्हणजे सगळ्या पेशंटच्या नोंदींची दुसरी प्रत रोज जिथं जाऊन पडते ते यंत्र, तिनं घरच्या लॅपटॉपवरून चालवून दाखवायचं. आज पाचच्या आत. जमलं तर घरून काम, नाहीतर सोमवारी खुर्चीवर हजर. साहेब शब्दाचे पक्के होते, आणि तीच तर पंचाईत होती.

पडद्यावर प्रश्न आला होता: या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का? खाली त्याची ओळखखूण, चांगली चौसष्ट अक्षरं-आकड्यांची. इथं शंभरातले नव्व्याण्णव जण डोळे झाकून 'हो' दाबतात आणि चहाला जातात. पण तिला ज्यांनी काम शिकवलं त्या मास्तरांनी निवृत्त होण्याआधी एक खोड लावून ठेवली होती. नवा सर्व्हर बसवला की त्याची खूण छापून कपाटाच्या दारावर चिकटवायची, आणि बाहेरून पहिल्यांदा जोडताना तिथल्या माणसानं ती फोनवर पूर्ण वाचून दाखवायची. अक्षरांची गल्लत नको म्हणून मास्तरांनी नाती वाटून दिली होती. ए आजी, बी बाबा, सी सासू, डी दीर, ई आई. एफला काही केल्या नातं सापडेना, म्हणून फुगलेला जावई.

तिथला माणूस म्हणजे स्टोअरवाले मामा. सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला. फोनवर मामांनी घसा साफ केला.

"सात, दीर, दोन, सासू..."

"थांबा मामा. माझ्याकडे नऊपासून सुरू होतंय."

मामांनी पुन्हा वाचलं. पुन्हा सात, दीर, दोन, सासू. पाचला वीस मिनिटं उरली होती.

"जाऊ द्या मामा, मी 'हो' दाबते. जोडलेला सर्व्हर तर एकच आहे ना तिथं."

"ताई, मास्तर सांगून गेलेत, जुळलं नाही तर दार उघडायचं नाही." मामा ऐकेनात. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून तर मी सांगितलं तेवढं करतो. तुम्ही फोन धरा, मी जरा मागं बघून येतो."

तिला रडू येईल इतका राग आला. चार मिनिटं फोनमधून नुसती खुडबूड. मग मामांचा धापा टाकणारा आवाज.

"ताई, रंगारी येऊन गेले ना काल, त्यांनी कपाटं सरकवली होती. वायर परत खोचली ती जुन्या सर्व्हरच्या डब्यात. उद्या भंगारात जाणार आहे ना, त्याच्यात. नवा बिचारा गप्प पडलाय."

आता तिच्या लक्षात आलं. नव्या सर्व्हरला जुन्याचाच नेटवर्कवरचा पत्ता तिनंच दिला होता, म्हणून त्याच्या जागी जुनाच उत्तर देत होता. 'हो' दाबलं असतं तर आजच्या सगळ्या नोंदींची प्रत उद्या भंगारात गेली असती, आणि पहिल्याच दिवशी घरून कामाचा बोऱ्या वाजला असता. मामांनी वायर बदलली, नवा सर्व्हर चालू होईपर्यंत कागदावर बोट ठेवून उभे राहिले, आणि वाचायला लागले. सात, दीर, दोन, सासू. पडद्यावरही तेच. चौसष्टावा होता फुगलेला जावई. पाचला तीन मिनिटं असताना तिनं 'हो' दाबलं. साहेबांनी दोन फाइली उघडून बघितल्या आणि फोनवर म्हणाले, "ठीक आहे. सोमवारपासून घरूनच."

"त्या मामांचे आभार मानलेस का?" पलंगावरून आईनं विचारलं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मानले गं. पण नुसतं थँक्यू म्हटलं. पुरेसं वाटत नाहीये."

"मला लावून दे."

आईनं फोन कानाला धरला. "भाऊ, मी हिची आई. माझी पिशवी तुम्ही परत आत आणलीत. फार उपकार झाले."

"कसली पिशवी, ताई?" मामांनी विचारलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

मग आई त्यांना सांगायला लागली, अगदी हाड मोडलं त्या दिवसापासून. लेकीनं दाराशी जाऊन पिशवी उचलली आणि आईचे गाऊन एकेक करून कपाटात परत लावले.