फोटो कुठून काढलात?

आमच्या ह्यांना कोणी फोटोबद्दल एक प्रश्न विचारला की हे दहा उत्तरं देतात. हरभऱ्याच्या झाडावर चढायला ह्यांना शिडी लागत नाही. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर काचा बसवायच्या आणि रविवार उजाडला की स्वतःच्या काचा गळ्यात अडकवून शहर पालथं घालायचं. इमारती, त्यांच्यामागे इमारती, त्यांच्यामागे सूर्य. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा एक फोटो धड काढला असेल तर शपथ. पण स्टँड धरायला, वाऱ्याला आडोसा करायला आणि "वा!" म्हणायला मी लागतेच.

डेपोमागच्या पिवळ्या इमारतीची गच्ची ह्यांची लाडकी. तिथल्या वॉचमनच्या चष्म्याची दांडी हे फुकट बसवून देतात, म्हणून आम्हाला कधीही मुभा. समोर रस्त्यापलीकडे जरा बुटकी इमारत, तिच्या गच्चीवर निळी टाकी, आणि टाकीमागे आख्खं शहर पसरलेलं. त्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालायची. तिशीची असेल. सोबत कधी कधी चिमुरडी मुलगी, चिमटे हातात द्यायला.

एका रविवारी हे कॅमेरा लावून बसले होते आणि त्या बाईने मान वर केली, तेवढ्यात ह्यांनी बटण दाबलं. कॅमेरा दिसला तशी तिने तळहात पुढे केला, नको नको म्हणून हलवला, आणि पाठ फिरवली.

"अहो, ती नको म्हणतेय. टाका पुसून," मी म्हटलं.

"अगं, इथून तिचं तोंड शेंगदाण्याएवढं दिसतं. कोण ओळखणार आहे?"

मीही मग गप्प बसले, कारण माझं लक्ष भलतीकडेच होतं. मी लोकांचे कपडे उसवून, दाबून, मापात बसवून देते, तोच माझा धंदा. तेव्हा दोरीवरचे कपडे बघितल्याशिवाय मला राहवत नाही. त्या दोरीवर दर खेपेला बाहेरच्या बाजूला एकच पुरुषी शर्ट असायचा. तोच, राखाडी चौकड्यांचा. मी मोठ्या लेन्समधून बघितलं तर कॉलर कोरी करकरीत, कोपर कुठे विरलेलं नाही, बगलेत एक डाग नाही. तो शर्ट कोणाच्या अंगाला लागलाच नव्हता. नुसता धुवायचा आणि टांगायचा. या बाईच्या घरात पुरुष नाही आणि आहे असं तिला दाखवायचंय, हे मला तेव्हाच कळलं. एकट्या बाईला करावं लागतं असलं काहीबाही. मी ह्यांना म्हटलंही, पण हे ढगांकडे बघत होते.

तिने हात वर करायच्या आधीचा तो फोटो ह्यांच्या छायाचित्रकारांच्या क्लबच्या प्रदर्शनात लागला. साधासुधा नाही, दाराएवढा मोठा करून. आणि त्याला बक्षीस, वर पेपरात छापूनही आला! ह्यांचे पाय जमिनीवर नव्हते. उजवीकडे निळी टाकी, मागे उन्हात उजळलेलं शहर, आणि मधोमध ती. शेंगदाणा कसला? भुवईवरची खूणसुद्धा मोजून घ्यावी. मला कसंसंच झालं, पण चारचौघांत काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

तो माणूस आला तेव्हा हॉलमध्ये फारशी गर्दी नव्हती. स्वच्छ पांढरा शर्ट, भांग नीट पाडलेला, आवाज मऊ. दारातून आत आला तो सरळ ह्यांच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. किती वेळ हललाच नाही.

"फार सुंदर आहे. तुमचाच का?" त्याने विचारलं.

झालं! आमची स्वारी झाडावर.

"फोटो कुठून काढलात?"

ह्यांनी डेपो सांगितला, डेपोमागची गल्ली सांगितली, पिवळी इमारत सांगितली. "आणि ही समोरची. ही निळी टाकी दिसते ना, आसपास दुसरी निळी टाकी नाही. लगेच सापडेल. सकाळच्या उन्हात जा, बहार असते."

मी आपली कौतुकाने ऐकत होते. मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. फोटोवाली माणसं मी आयुष्यभर झेललीयत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, लेन्स कुठली. ह्या माणसाने लेन्स विचारली नाही. शेजारचे फोटो बघितले नाहीत. तो टाकीवरून बोट खाली आणत इमारतीचे मजले मोजत होता.

"तुम्हीपण फोटो काढता का?" मी विचारलं.

"छे हो. मला त्यातलं काही कळत नाही." तो माझ्याकडे बघून हसला. मग पुन्हा फोटोकडे वळला, आणि त्याचं बोट दोरीवर येऊन थांबलं. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"हा शर्ट कोणाचा आहे?" तो म्हणाला. आम्हाला नाही, स्वतःशीच.

त्याने मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढला, ह्यांना नमस्कार केला, आणि निघाला. दारापर्यंत चालला. दाराबाहेर पडल्यावर मात्र पळत सुटला. मी काचेतून बघितलं.

मी ह्यांच्याकडे वळले.

"अहो, तो तिला शोधत होता!"

"कोण कोणाला? अगं, तू म्हणजे राईचा पर्वत..."

"ती बाई तोंड का लपवत होती? खोटा शर्ट का टांगत होती? ह्याच्यापासून लपली होती ती, आणि तुम्ही त्याला पत्ता देऊन बसलात! वर उन्हाची वेळसुद्धा सांगितलीत!"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बक्षिसाचा बिल्ला छातीवर तसाच. मी दंडाला धरून बाहेर ओढलं, समोर आली ती टॅक्सी थांबवली. कॅमेरा गळ्यातच होता, तो काढायचंही सुचलं नाही.

वाटेत ह्यांनी पोलिसांना फोन लावला. पलीकडच्याने विचारलं, बाईचं नाव काय? माहीत नाही. पत्ता? निळ्या टाकीची इमारत. तो माणूस कोण? माहीत नाही. त्याने केलं काय? फोटो बघितला. बघतो, पाठवतो कोणालातरी, असं म्हणून त्याने फोन ठेवला. तिच्या मागचा प्रत्येक मनोरा आम्हाला पाठ होता. तिचं दार कुठलं, ते माहीत नव्हतं.

सिग्नलला टॅक्सी थांबली की मला वाटायचं, उतरून धावावं. तो किती पुढे असेल? त्याच्याकडे गाडी असेल तर? हे एकच वाक्य घोकत होते, "त्याने इतक्या प्रेमाने विचारलं गं."

"प्रेमाने नाही तर काय बोंबलत विचारणार होता?" मी खेकसले.

ठरलं असं, की ह्यांनी लिफ्टने पिवळ्या इमारतीवर जाऊन मोठ्या लेन्समधून बघायचं, ती दिसली तर हातवारे करून सावध करायचं, आणि मी समोरच्या इमारतीत शिरायचं. फोन चालू. टॅक्सीवाल्या दादांना मी हात जोडले, "जाऊ नका हो, एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मीटर बंद करून टाकला.

इमारत जुनाट. खाली वॉचमन नाही, पाट्या नाहीत. जिन्याला प्रत्येक वळणावर जाळीची खिडकी. मी दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत असताना फोनमध्ये ह्यांचा आवाज आला.

"गच्चीवर कोणी नाही. कपडे आहेत दोरीवर. अगं... अगं, थांब. जिन्यात पांढरा शर्ट दिसला. जाळीतून. तुझ्या वर आहे तो. एक मजला वर."

मी पायरीवरच थांबले. मी वर कान लावला.

टक टक टक. हळू, सभ्य टकटक. दार उघडल्याचा आवाज. मग तोच मऊ आवाज, "माफ करा हं आजोबा, त्रास देतो. ह्या फोटोतल्या बाई कुठे राहतात? माझी बायको आहे. थोडी रागावून आलीय, आणि मुलगी फार लहान आहे हो."

"अरे अरे," एक म्हातारा आवाज म्हणाला, "संसारात व्हायचंच. वरच्या मजल्यावर, डावीकडचं दार. समजुतीने घ्या दोघांनी."

सांगितलं! विचारणारा गोड बोलला की सगळे सांगतात. पत्ता सांगण्यात माणसाला काय पुण्य वाटतं कोण जाणे.

त्याची पावलं वर चढायला लागली. घाईत नाही. मला गाठता आलं नसतं, आणि गाठून तरी मी काय करणार होते? मी सुई-दोऱ्याची बाई. एकच गोष्ट देवाने मला भरपूर दिलीय, ती म्हणजे घसा.

"आग!" मी किंचाळले. "आग लागली! बाहेर पडा! आग!" आणि दिसेल त्या दारावर मुठी हाणत सुटले.

फटाफट दारं उघडली. लेकरं, म्हातारे, ओले केस, हातात झारा, एक गृहस्थ अर्धी दाढी केलेले. "कुठे? कुठे?" जिना बघता बघता भरला. मी त्या लोंढ्यातून वर चढत होते, धक्के खात, आणि कानात हे ओरडत होते, "तीपण बाहेर आली! अगं, ती मुलीला घेऊन बाहेर आली! तो तिच्या समोरच उभा आहे!"

तिला बंद दाराआडून मीच बाहेर काढलं होतं.

वळण घेतलं आणि दिसले. मुलगी कडेवर, पायात चप्पल नाही. त्याने तिचं मनगट धरलं होतं आणि तो तिच्याशी अगदी हळू बोलत होता, "आत चल. आधी आत चल. तो शर्टवाला कुठेय ते दाखव." ती मागे मागे सरकत होती, उघड्या दाराकडे. अजून दोन पावलं, आणि दार लागलं असतं.

मी मधे घुसले, त्याच्या हातावर दोन्ही हातांनी लोंबकळले, आणि जिना दणाणून सोडला. "गर्दीत बायकांचे हात धरतोस? मेल्या! धरा ह्याला! अहो, धरा हो!"

"माझी बायको आहे ती..." त्याचं वाक्य पुरं झालं नाही. अर्ध्या दाढीवाल्या गृहस्थांनी त्याची कॉलर पकडली, झारावाल्या बाईंनी झारा उगारला. मी तिचा हात धरला आणि खाली सुटले. मागून त्याचा आवाज येत होता. आता तो मऊ नव्हता. तिचं नाव घेऊन तो काय काय करीन ते सांगत होता, आणि ती मुलगी आईच्या खांद्यात तोंड खुपसून दोन्ही कान झाकत होती. ते झाकणं सवयीचं होतं.

हे टॅक्सीजवळ पोचलेच होते. पुढे बसले. आम्ही मागे. टॅक्सी सुटली.

ती मागच्या काचेतून बघत होती. मग तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि तिला रडू फुटलं.

"ताई, तुम्ही कोण? देवासारख्या आलात हो. आज मेलेच असते मी."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं मी. आईलासुद्धा नाही. घर बदललं, काम बदललं, मुलीचं नाव शाळेत वेगळं लावलं. आता कुठे पोरगी रात्री झोपायला लागली होती. त्याला सापडलं कसं, ताई? सांगितलं कोणी?"

पुढच्या सीटवर ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता गप्प बसावं, घरी नेऊन गरम काहीतरी पाजावं, मग बघू. पण हे मागे वळले. मी डोळ्यांनी नको म्हटलं तरी वळले. गळ्यातला कॅमेरा सीटवर आपटला आणि तिची नजर त्याच्यावर गेली.

"मी सांगितलं," हे म्हणाले. "त्याने विचारलं, मी सांगितलं. मला माहीत नव्हतं, बाळ..."

तिने माझ्या हातातून हात काढून घेतला. रागाने नाही. गरम भांड्यावरून काढावा तसा.

"गाडी थांबवा," ती टॅक्सीवाल्याला म्हणाली.

"अगं, असं काय करतेस! पायात चप्पल नाही तुझ्या," मी म्हटलं. "आमच्याकडे चल. दोन दिवस राहा. आम्ही दोघंच असतो. माझं ऐक!"

"थांबवा."

चौकाच्या अलीकडे टॅक्सी थांबली. तिने मुलीला उचललं आणि उतरली. मी माझ्या चपला काढून खिडकीतून पुढे केल्या. तिने त्या घेतल्या, पायात सरकवल्या. मोठ्या होत होत्या.

हे रडत होते. "कुठे जाणार आहेस ते तरी सांग, बाळ. आम्ही सोडतो तुला."

ती खिडकीपाशी वाकली. ह्यांच्याकडे नीट बघितलं.

"तुम्हाला सांगू?" ती म्हणाली.

आणि रस्ता ओलांडून गर्दीत शिरली. मी तिकडे बघितलं नाही. ह्यांचीही मान मी हाताने दुसरीकडे वळवली.